मुलांसाठी पथक शोधताना

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांची नागपूरहून जबलपूरला बदली झाली. ऐन जून महिन्यात बिऱ्हाड हललं. नवं घर, नवी शाळा, नवे शेजारी. हिंदी काही मुलांना परकी नव्हती. पण भाषा येणं वेगळं आणि मैत्रिणी मिळणं वेगळं. नऊ वर्षांच्या भाच्याला आठ दिवसांत गल्लीतलं क्रिकेट सापडलं. बारा वर्षांच्या भाचीला मात्र काहीच सापडलं नाही. शाळेतून यायचं, दप्तर टाकायचं आणि खोलीचं दार लावून घ्यायचं, एवढाच तिचा दिनक्रम.

दिवाळीत मी गेले, तेव्हा चकल्या तळता तळता बहीण हळूच म्हणाली, "ताई, ही पूर्वी किती बडबड करायची गं! आता 'हो' आणि 'नाही' याखेरीज तिसरा शब्द नाही. मोबाइल काढून घेतला, तर भिंतीकडे बघत बसते."

"हिला गाइडमध्ये का नाही घालत?" मी सहज बोलून गेले. शाळेत असताना मी स्वतः गाइड होते. गळ्यातला स्कार्फ, दोरीच्या गाठी आणि शिबिरातली धुरकटलेली खिचडी अजून आठवते.

"घालीन की! पण कुठं? कुणाला विचारायचं?" बहीण म्हणाली.

तिचा प्रश्न रास्त होता. शिकवणीचे वर्ग, नृत्याचे वर्ग, क्रिकेटचे वर्ग यांच्या पाट्या चौकाचौकात दिसतात. स्काउट-गाइडची पाटी सहसा कुठे दिसत नाही. मग ते शोधायचं कसं? आणि सापडलं तर चांगलं की नुसतंच नावाचं, हे ओळखायचं कसं? त्या शोधात जे कळलं, ते इथे सांगते. गाव जबलपूरचं असलं, तरी वाट बहुतेक सगळीकडे हीच आहे.

पहिलं पथक याच गावात

जबलपूर म्हटलं की आपल्याला भेडाघाटचे संगमरवरी कडे, धुवांधार धबधबा आणि तोफांचा कारखाना आठवतो. पण भारतातल्या मुलींच्या गाइड चळवळीचा आरंभही याच शहरात झाला, हे किती जणांना ठाऊक असेल? साल होतं १९११. बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर मुलांचं पहिलं प्रायोगिक शिबिर भरवलं, ते ऑगस्ट १९०७ मध्ये. १९०९ मध्ये बंगळूरला भारतातलं पहिलं स्काउट पथक निघालं आणि दोनच वर्षांनी जबलपूरला मुलींचं पहिलं पथक उभं राहिलं.

त्या काळी ही दारं युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलामुलींनाच उघडी होती. आपल्या मुलांना मज्जाव होता. तेव्हा आपल्या माणसांनी स्वतःच पथकं काढली. उत्तरेत पंडित श्रीराम बाजपेयी पुढे आले. मद्रासकडे ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये भारतीय मुलांसाठी संघटना स्थापन केली. पंडित मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी सेवा समितीच्या नावाने स्काउटांची फळी उभारली. स्वातंत्र्यानंतर या सगळ्या वाटा एकत्र आल्या आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काउट्स अँड गाइड्स' ही संघटना जन्माला आली. पुढच्याच वर्षी मुलींची अखिल भारतीय गाइड संघटनाही तिच्यात सामील झाली.

या एकीकरणासाठी झटलेल्यांत न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचं नाव घेतलं जातं. ते नागपूरचे. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. एवढा मोठा कायदेपंडित मुलांच्या पथकांसाठी आयुष्यभर वेळ काढत होता! जबलपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर. म्हणजे बहिणीचं बिऱ्हाड एका जुन्या वाटेनेच गेलं होतं म्हणायचं. आणि महाराष्ट्राचं सांगायचं, तर जगभरातल्या गाइड मुलींसाठी जी मोजकी जागतिक केंद्रं आहेत, त्यांतलं एक, 'संगम', १९६६ पासून आपल्या पुण्यात आहे.

शाळेत आहे, पण कागदावर

शोधाची सुरुवात अर्थातच भाचीच्या शाळेपासून केली. "हो, हो, आमच्याकडे गाइड आहे ना!" असं कार्यालयात हसतमुखाने सांगण्यात आलं. आम्ही खुशीत परतलो. मग भाचीनं वर्गातल्या एका मुलीला विचारलं. ती म्हणाली, "पंधरा ऑगस्टला गणवेश घातला होता. आता सव्वीस जानेवारीला घालू."

मधल्या पाच महिन्यांत काय? काही नाही. बाईंची बदली झाली होती, दुसऱ्या बाईंना प्रशिक्षण नव्हतं आणि तासिका गणिताला दिली गेली होती.

अशा शाळा कमी नाहीत. शिक्षकांवर कामांचा बोजा असतो, हेही खरं. पण आईवडिलांनी एक खूणगाठ बांधावी: पथकाचं नाव असणं आणि पथक असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. स्काउटिंग म्हणजे संचलन नव्हे. दर आठवड्याला भेटणारी, सहा-आठ जणांच्या टोल्यांत काम करणारी आणि स्वतःचे निर्णय स्वतः घ्यायला शिकणारी मुलं म्हणजे स्काउटिंग. एवढं असलं, तर गणवेशाची इस्त्री थोडी मोडलेली असली तरी चालेल.

मग विचारायचं कुणाला?

शाळेत जमलं नाही म्हणून हताश व्हायचं कारण नाही. आणखी चार दारं आहेत.

पहिलं दार जिल्हा संघाचं. भारत स्काउट्स अँड गाइड्सची रचना पथक, स्थानिक संघ, जिल्हा संघ, राज्य संघ आणि दिल्लीचं राष्ट्रीय मुख्यालय अशी आहे. मध्य प्रदेशचं राज्य मुख्यालय भोपाळला आहे. जिल्हा संघाकडे नोंदलेल्या पथकांची यादी असते. जिल्हा संघाचा पत्ता ठाऊक नसेल, तर जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी.

दुसरं दार खुल्या पथकाचं. पथक फक्त शाळेतच असतं, असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. वसाहत, मंडळ, एखादी सेवाभावी संस्था यांच्या आश्रयाने चालणारी खुली पथकंही असतात. त्यांत वेगवेगळ्या शाळांची मुलं येतात. बदलीच्या गावी आलेल्या मुलांना ही पथकं फार मानवतात, कारण तिथे 'आमच्या वर्गातली' आणि 'बाहेरची' असा भेद नसतो.

तिसरं दार रेल्वेचं. पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय २००३ पासून जबलपूरलाच आहे. रेल्वेच्या विभागांना या संघटनेत राज्यासारखंच स्थान आहे, त्यांचे स्वतःचे संघ आहेत. घरात कुणी रेल्वेत असेल, तर आधी तिथे विचारावं. नसेल, तरी बाहेरच्या मुलांना घेतात का, हे विचारायला काय हरकत आहे?

चौथं दार केंद्रीय विद्यालयांचं. त्यांचाही संघटनेत राज्यासारखाच स्वतंत्र संघ आहे. शिबिरं, मेळावे, परीक्षा नियमित असतात. जबलपूरसारख्या लष्कर आणि आयुध कारखान्यांच्या शहरात अशी विद्यालयं एकापेक्षा अधिक आहेत.

आम्हाला पत्ता लागला, तो मात्र या चारपैकी कुठल्याही कार्यालयातून नव्हे. शेजारच्या काकूंच्या नातवाच्या गळ्यात एका रविवारी स्कार्फ दिसला. बहिणीनं गॅलरीतूनच हाक मारली, "अरे बाळा, कुठं निघालास?" पथक दोन गल्ल्या पलीकडे भरत होतं! म्हणून सांगते, कार्यालयात जाच. पण आधी शेजारी विचारा.

कुठल्या वयाला काय?

पुष्कळदा आईवडिलांना वाटतं, आपलं मूल फार लहान आहे किंवा फार मोठं झालं. प्रत्यक्षात जागा सगळ्यांना आहे. अगदी चिमुकल्यांसाठी 'बनी' असतात. साधारण पाच ते दहा वर्षांचे मुलगे 'कब' आणि मुली 'बुलबुल'. दहाव्या वर्षापासून सतरा-अठराव्या वर्षापर्यंत मुलगे 'स्काउट' आणि मुली 'गाइड'. त्यापुढे पंचवीसपर्यंतचे तरुण 'रोव्हर' आणि तरुणी 'रेंजर'. महाविद्यालयांतूनही रोव्हर-रेंजरची पथकं चालतात.

एनसीसीशी याची गल्लत करू नये. एनसीसी १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेली, संरक्षण खात्याखालची छात्रसेना आहे आणि तिथे प्रवेश माध्यमिक शाळेत गेल्यावर मिळतो. स्काउटिंगला लष्करी शिक्षणाचा उद्देश नाही. तुमच्या मुलाला गणवेश आणि कवायतच आवडत असेल, तर त्यानं एनसीसीची वाट धरावी. त्यात कमीजास्त काही नाही, आवडीचा प्रश्न आहे.

आधी एक रविवार बघून या

नाव घालण्यापूर्वी एकदा तरी पथकाची सभा स्वतः बघावी. बहीण आणि मी दोघीही गेलो. भाची आमच्या मागे, चेहरा लांब करून.

शिट्टी झाली. मुली नालाच्या आकारात उभ्या राहिल्या. ध्वज, प्रार्थना, मग नखं-केस-गणवेशाची तपासणी. त्यानंतर एक खेळ झाला, अगदी दम लागेपर्यंत. मग टोल्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसल्या आणि खरी गंमत सुरू झाली. शिकवणाऱ्या बाई बाजूला उभ्या होत्या. चौदा वर्षांची टोलीनायिका धाकट्या मुलींना रीफ नॉट शिकवत होती. "ही गाठ सपाट बसते, म्हणून पट्टी बांधायला हीच. रुग्णाला टोचत नाही," ती सांगत होती. गळ्यातला स्कार्फ सोडून तिनं एका मुलीचा हात त्यात अडकवून दाखवला. उलगडला की तो स्कार्फ त्रिकोणी पट्टीच होतो, हे बहिणीला प्रथमच कळलं.

अशा भेटीत पुढचे प्रश्न जरूर विचारावेत.

सभा आठवड्यातून किती वेळा आणि कुठे भरते? गेल्या तीन महिन्यांत काय काय केलं? उत्तर चटकन आणि तपशीलवार आलं, तर समजावं की पथक जिवंत आहे.

पथकाची नोंदणी झालेली आहे का? या वर्षाचं नूतनीकरण झालं आहे का? खरं पथक हे कागद दाखवायला कचरत नाही.

शिकवणाऱ्यांचं प्रशिक्षण झालं आहे का? प्राथमिक, प्रगत आणि त्यापुढे 'हिमालय वुड बॅज' अशा या प्रशिक्षणाच्या पायऱ्या आहेत. संघटनेचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे. जबलपूरहून इटारसीच्या वाटेवर पिपरिया स्टेशन लागतं, तिथून वर जायचं. देशभरातले शिक्षक जिथे शिकायला येतात, ते ठिकाण जबलपूरकरांना इतकं जवळ आहे!

टोलीनायक कोण निवडतं? निर्णय कसे होतात? चांगल्या पथकात टोलीनायकांची 'मानसभा' असते. शिबिराला कुठे जायचं, कुणाचं काय चुकलं, पैसे कसे खर्चायचे, यावर मुलं तिथे बोलतात. मोठी माणसं सल्ला देतात. मानसभा म्हणजे काय, हे पथकातल्या मुलांनाच ठाऊक नसेल, तर सगळं वरून ठरतं असं खुशाल समजावं.

आणि खर्च किती? वर्गणी, गणवेश, शिबिर यांचा हिशेब आधीच विचारून घ्यावा. गणवेश दुसऱ्याचा चालतो का, हेही विचारावं. मोठ्यांचे कपडे धाकट्यांना देण्याची पद्धत ज्या पथकात आहे, तिथलं वातावरण घरच्यासारखं असतं.

आणखी एक शंका काही घरांत असते. प्रार्थना आहे, म्हणजे हे एका धर्माचं काम आहे का? तसं नाही. वचनात ईश्वराप्रति कर्तव्याचा उल्लेख आहे. ज्यांना तो शब्द नको, त्यांना त्या जागी 'धर्म' हा शब्द घेण्याची मोकळीक आहे. पथकात सगळ्या घरांतली मुलं शेजारी शेजारी उभी असतात, हाच तर त्यातला मोठा धडा.

संकोच न करता विचारा

आता थोडं नाजूक बोलते. मूल दुसऱ्याच्या हाती सोपवताना आईच्या पोटात गोळा येतो. तो यावाच. मुलींच्या पथकाबरोबर प्रशिक्षित बाई आहेत का? शिबिरात रात्री किती मोठी माणसं असतात? एकटी मोठी व्यक्ती आणि एकटं मूल बंद खोलीत राहणार नाही, असा नियम पाळला जातो का? मुलांच्या लैंगिक संरक्षणासाठी आपल्याकडे २०१२ पासून स्वतंत्र कायदा आहे. जागतिक स्काउट संघटनाही मुलांच्या सुरक्षिततेचे नियम पाळायला सांगते. तेव्हा हे प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. ज्या बाईंना या प्रश्नांचा राग येतो, त्यांच्याकडे मूल न पाठवलेलंच बरं.

जबलपूरसारख्या गावात नर्मदेचंही भान हवं. ग्वारीघाट असो की भेडाघाट, नदी दिसते शांत. पण खडक निसरडे आणि पाणी खोल. सहल पाण्याकाठी असेल तर पोहता येणारी किती मोठी माणसं बरोबर आहेत, हे विचारावं. लेखी संमतिपत्र, मुलाच्या आजाराची आणि औषधांची माहिती, जवळच्या दवाखान्याचा पत्ता या गोष्टी पथकानं स्वतःहून मागायला हव्यात. मागितल्या, तर पथक शिस्तीचं आहे.

स्काउटचं ब्रीद एका शब्दाचं आहे: 'तयार'. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला भूकंप झाला. घरं पडली, माणसं दगावली. ज्यांनी ती पहाट पाहिली, त्यांना या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. रक्त कसं थांबवायचं, जखमीला स्ट्रेचरशिवाय कसं उचलायचं, अंधारात लहान भावंडांना कसं सांभाळायचं, हे बारा-तेराव्या वर्षी हाताला लागलेलं वळण जन्मभर पुरतं.

प्रमाणपत्राच्या मागे धावू नका

गाइडमध्ये प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशी चढण आहे. प्रत्येक पायरीला ठरावीक काळ द्यावा लागतो. वरपर्यंत पोचायला काही वर्षं लागतात आणि वयाची मर्यादाही आहे. म्हणून दहाव्या-अकराव्या वर्षी सुरुवात झाली तर उत्तम. रेल्वेच्या भरतीत स्काउट-गाइडसाठी वेगळ्या जागा निघतात, तेव्हा या प्रमाणपत्रांना मोल आहेच.

पण "दोन वर्षांत राष्ट्रपती पुरस्कार मिळवून देतो" असं कुणी म्हणालं, तर सावध व्हा. पदक छातीवर आणि चहा करायला अजून आईच, असं झालं तर मिळवलं काय?

आणि जवळपास पथकच नसेल तर? मग पथक काढता येतं! सहा-आठ मुलांची एक टोली, अशा दोन टोल्या जमल्या की सुरुवात होते. जिल्हा संघाकडे जावं, एखाद्या उत्साही आईनं किंवा निवृत्त शिक्षकानं प्राथमिक प्रशिक्षण घ्यावं, वसाहतीचं आवार मिळवावं. आपल्याकडे गणपतीसाठी पंधरा दिवसांत मंडप उभा राहतो. मग मुलांच्या पथकासाठी चार माणसं मिळणार नाहीत?

त्या दोन रात्री

भाचीचं पहिलं शिबिर फेब्रुवारीत होतं. २२ फेब्रुवारी हा बेडन-पॉवेल पती-पत्नी दोघांचाही जन्मदिवस. जगभरच्या गाइड तो 'चिंतन दिन' म्हणून पाळतात. शहराबाहेर एका शाळेच्या आवारात दोन रात्रींचा मुक्काम होता. बहिणीचा रोज फोन. "ताई, थंडी आहे गं. हिला अंधाराची भीती वाटते. आणि जेवण या मुलीच करणार म्हणे! माझी पोर घरी पाण्याचा पेला उचलत नाही."

"मग पाठवू नकोस," मी मुद्दाम म्हटलं.

थोडा वेळ पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, "नाही. पिशवी भरलीय तिनं. स्वतः भरलीय."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाची परतली. एक मोजा हरवलेला, केसांना धुराचा वास, बोटाला चटका. बहिणीनं आधी बोट पाहिलं. भाची सांगत सुटली. भांड्यांशिवाय स्वयंपाक करायचा होता. वांगी निखाऱ्यावर भाजली, गोवरीच्या आरावर गक्कड शेकले. महाकोशलचं हे गक्कड-भर्ता तिनं आजवर दुसऱ्यांच्या डब्यातच पाहिलं होतं. पहिले चार गक्कड कोळसा झाले. टोलीनायिकेनं न रागावता ते बाजूला ठेवले आणि म्हणाली, "अब तू सिखा, कैसे नहीं जलाना है." दुसऱ्या दिवशी भाचीनं दोन नव्या मुलींना शिकवलंसुद्धा.

त्या रात्री बहिणीचा फोन आला. आवाज भरून आला होता. "ताई, पाऊण तास बोलत होती गं. पाऊण तास! मी मध्ये एक शब्द बोलले नाही."

"आणि अंधाराची भीती?" मी विचारलं.

"वाटली म्हणे. शेजारच्या मुलीलाही वाटत होती. मग दोघी जाग्या राहिल्या."

आता भाचाही रविवारी सकाळी कबमध्ये जातो. क्रिकेट दुपारी. दार अजूनही कधीकधी बंद असतं, तेराव्या वर्षी ते असायचंच. पण रविवारी सकाळी ते आतून उघडतं, आणि गळ्यात स्कार्फ बांधत भाची विचारते, "आई, कणीक थोडी जास्त घेऊ? आज टोलीत एक नवीन मुलगी येणार आहे. आत्ताच बदली होऊन आलीय."